न प्यालेली दारू

भटू बागूलने आयुष्यात दारूला बोट लावलं नाही, आणि आज सुरतेत आमच्या लिंबायतच्या गल्लीत त्याची ओळख काय, तर दारू सोडलेला माणूस. कोणाचा नवरा पिऊन धिंगाणा घालायला लागला की बायका म्हणतात, "त्या भटूभाऊकडे बघ म्हणावं, एका शब्दावर सोडली!" मी हे ऐकते आणि ओठ मिटून पुढे जाते. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, दिवसभर बोलण्यावरच माझं पोट आहे. गप्प बसणं मला किती जड जातं ते माझं मलाच ठाऊक.

भटू शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला. लग्न झाल्यावर बायकोला, उषाबाईला, घेऊन सुरतेला आला आणि उधन्याच्या एका खात्यात लूमवर लागला. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. कामाला चोख, बोलायला मऊ, आणि शब्दाचा इतका पक्का की शेजाऱ्याला "संध्याकाळी येतो" म्हटलं तर ताप असला तरी जाणार. तोंडाने सतत काहीतरी गुणगुणत असायचा. त्या खडखडाटात त्याचं त्याला तरी ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. लेक एकच, रंजना. आमच्याच शाळेत शिकली, दिसायला नीटस, हुशार.

चौऱ्याण्णव साली प्लेग आला तेव्हा अर्धी सुरत पळाली. हेही गावी गेले आणि सगळं थंडावल्यावर परत आले. परत आलेला भटू मात्र निराळा होता. घरात कोणी गेलं नव्हतं, नोकरी जागेवर होती, भांडण नाही, तंटा नाही. तरी हा माणूस पहाटे अंधारात उठून भिंतीकडे तोंड करून बसायचा. भाकरीचा घास तोंडात फिरवत राहायचा, गिळायचं विसरायचा. गुणगुणणं बंद. लूमवर धागा तुटला तर तुटलेल्या धाग्याकडे बघत उभा.

"काय व्हयनं तुमले?" उषाबाई विचारायची.

"काहीच नही," तो म्हणायचा, आणि ते खरं होतं. काही झालेलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. कारण नसलेलं दुःख आमच्या लोकांना पटत नाही. त्यांना ते सोंग वाटतं नाहीतर करणी. उषाबाईने लिंबं उतरवली, नारळ ओवाळले, गावाकडून अंगारा मागवला. भटू सगळं निमूट करून घ्यायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, माले मरानं नही, पन जगानं बी काही वाटत नही." त्या दिवशी मी ठरवलं आणि दोघांना सरकारी इस्पितळात घेऊन गेले. गुजराती मला बरी येते, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

डॉक्टर तरुण होता, पण घाईचा नव्हता. त्याने सांगितलं की ही उदासीची बिमारी आहे, शरीराच्या बिमारीसारखीच, आणि तिला औषध आहे. नव्या गोळ्या बाजारात आल्यात, पण इस्पितळात मिळते ती जुनी, आणि जुनी आहे म्हणून कमी नाही. मग त्याने भटूला आडवं करून बीपी मोजलं, उभं करून परत मोजलं. "या गोळीने उभं राहताना बीपी खाली येतं," तो म्हणाला. "डोळ्यांपुढे अंधारी येईल. एकदम उठायचं नाही. आधी बसायचं, पाय हलवायचे, मग धरून उभं राहायचं. वाकलात तर हळू सरळ व्हायचं. तोंडही कोरडं पडेल. फार त्रास झाला तर परत या, पण आपल्या मनाने बंद करू नका." मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं आणि भटूने एकेका वाक्याला मान डोलावली.

पहिले काही आठवडे नुसता त्रास. तोंडाला कोरड, पोट साफ नाही, उठलं की घर फिरायचं. मलाच वाटायला लागलं की आगीतून काढून माणसाला फुफाट्यात टाकलं. आणि एके दुपारी उषाबाई ओल्या हातांनी माझ्याकडे धावत आली. म्हणाली, "बाई, ते माझ्यावर रागावले." मला कळेना. भटू जेवायला बसला होता आणि म्हणाला होता, वरणाला चव नाही, लसूण टाकला नाहीस का. वर्षभरात त्याला चव कळली नव्हती. उषाबाई माझ्या दारात उभी राहून रडली आणि हसली, आणि मीही. पुढच्या पंधरवड्यात गुणगुणणं परत आलं. माणूस परत आला म्हणा ना.

पण लूमचं काम म्हणजे वाकण्याचं काम. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की लूमखाली उकिडवं बसायचं, धागा शोधून गाठ मारायची, पटकन उठून लूम चालू करायचा. तिथे आधी पाय हलवा, मग हळूच उठा, असलं कोण करू देतो? त्यात पत्र्याच्या छपराची धग. भटू उठला की डोळ्यांपुढे काळोख यायचा, तो झोकांडी खायचा आणि लूमचा सांगाडा धरून उभा राहायचा. मुकादमाने पाहिलं. जवळ येऊन विचारलं, "पीने आव्यो छे के?" भटूला नाही, प्यायलेलो नाही, म्हणायचं होतं, पण कोरडी जीभ टाळ्याला चिकटली आणि शब्द लोळत बाहेर पडले. झोकांडी आणि लोळती जीभ, एवढ्या पुराव्यावर तर फौजदारसुद्धा सोडणार नाही.

आता गुजरातमध्ये दारूबंदी आहे, हे आम्ही शाळेत मुलांना शिकवतो, कारण गल्लीत राहून ते त्यांना कळण्याची सोय नाही. दारूची पोटली कुठे मिळते ते शेंबडं पोरही सांगेल. त्या खात्यातले निम्मे लोक रोज घेणारे. ते सरळ चालत घरी जायचे आणि भटू भिंत धरून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. घेणाऱ्यांना तर तो आपला वाटायला लागला. एक जण प्रेमाने विचारून गेला, "भाऊ, तुझा अड्डा कोणता? माल कडक दिसतो."

मी उषाबाईला म्हटलं, सरळ सांगून टाका ना औषध चालू आहे म्हणून. कर नाही त्याला डर कशाला?

उषाबाईने आधी दार लोटलं. रंजनाचं लग्न तेव्हा जुळत आलं होतं. मुलगा भूपेंद्र, पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात कायम नोकरीला, निर्व्यसनी. असं स्थळ आमच्यात दिवा घेऊन शोधावं लागतं. आणि भटूची एक सख्खी आत्या गावात येडी म्हणून प्रसिद्ध होती. गोठ्यातल्या खांबाला बांधून ठेवलेली तिला अख्ख्या पंचक्रोशीने पाहिलं होतं.

"आत्या येडी, त्यात बाप येडानी गोळी खास, अशी बातमी गई ते मनी आंडेर, मनी रंजना, जलमभर घरमा बठी ऱ्हाई," उषाबाई म्हणाली. "दारू सुटस, बाई. येड सुटत नही. दारूड्यानी पोर लोक करी लेतस."

लेकीसाठी तिने हा हिशोब करून टाकला होता. मी म्हटलं, मग निदान डॉक्टरकडे चला, त्रास कमी होईल अशी दुसरी गोळी तो देईल. तेही नाही. भूपेंद्रच्या नात्यातला कोणी त्या इस्पितळात वॉर्डबॉय होता. मनाच्या आजाराच्या औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत भटूला त्याने पाहिलं असतं तर संपलंच. जुन्या चिठ्ठीवर लांबच्या दुकानातून गोळ्या आणायच्या आणि लोक दारूडा म्हणतील ते ऐकून घ्यायचं, असं नवराबायकोचं ठरलं. भटू हसून म्हणाला, "बोलूत दे. मना जीव ते बरा शे." त्याच्या दृष्टीने सौदा वाईट नव्हता. आतून जिवंत असण्याच्या बदल्यात दारूडा म्हणवून घ्यायला तो तयार होता.

पण भूपेंद्रच्या वडिलांच्या कानावर गेलंच. सुकलाल अण्णा त्यांचं नाव. माणूस वाईट नाही, हे मी दात-ओठ खाऊन लिहिते आहे, पण लिहिलं पाहिजे. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला होता. तेव्हापासून समाजातल्या पिणाऱ्यांना पकडून खंडोबापुढे उभं करायचं आणि बेलभंडारा उचलायला लावायचा, हे त्यांनी व्रतच घेतलं होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन शपथ घ्यायची, ती मोडली तर ज्याचं नाव घेऊन उचलली त्याच्या संसाराला लागते. कोर्टातली शपथ आमची माणसं खुशाल मोडतील, ही मोडणार नाहीत.

अण्णा चार माणसं घेऊन आले. शेजारधर्म म्हणून मीही होते. "याही," व्याही ठरल्यासारखंच ते भटूला म्हणाले, "पोर आम्हाले पसंत शे. पन मन्हा घरशी सोयरीक करनी व्हई ते आज भंडारा उचलना पडी."

"अण्णा, मी पीत नाही," भटू म्हणाला.

माणसं गालात हसली. भंडारा उचलायच्या वेळी हेच वाक्य प्रत्येक जण बोलतो, त्यांनी ते शंभरदा ऐकलेलं. अण्णासुद्धा रागावले नाहीत, भटूच्या पाठीवर हात ठेवला. भटूने उषाबाईकडे पाहिलं. उषाबाई जमिनीकडे बघत होती. स्वयंपाकघराच्या दारात रंजना पदराचं टोक चावत उभी होती. खरं सांगून टाकावं असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मुलगी माझी नव्हती.

अण्णा एकेक शब्द म्हणत गेले आणि भटू त्यांच्यामागून म्हणत गेला. दारू पिणार नाही. ताडी पिणार नाही. आणि मग पळवाटा काढणाऱ्यांचा त्यांना अनुभव होता म्हणून, ज्याने तोल जातो, जे डोक्यात जातं, असं काहीच तोंडात घालणार नाही. रंजनाच्या संसाराची आण. भटूचा आवाज शेवटच्या वाक्याला अडखळला. लोकांना वाटलं, व्यसन सुटताना माणूस अडखळतोच.

उषाबाईला वाटलं, प्रसंग टळला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिने नेहमीसारखी गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नको," भटू म्हणाला.

"दारूना भंडारा उचला तुम्ही. गोळीना काय संबंध?"

"तोल कशाने जातो मन्हा? डोक्यात जातं ते काय? मी बोलेल शे. पोरनं नाव लिसन बोलेल शे."

तिने मला बोलावून आणलं. मी माझी सगळी मास्तरकी पणाला लावली. म्हटलं, अण्णांना नशा म्हणायची होती, औषध नाही. म्हटलं, शपथ घ्यायला लावणाऱ्याच्या मनात जे असतं तेच शपथेत असतं. म्हटलं, दुसरी गोळी आणू, तोल न जाणारी. भटूने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "ती बी डोकासाठीच ना, बाई?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मंग?" इतका सरळ माणूस होता तो, आणि त्याचा सरळपणाच त्याच्या गळ्याभोवती आवळला जात होता. खोटा असता तर सुखी झाला असता.

उषाबाईने गोळी कुटून वरणात घातली. दुसऱ्या घासाला भटूला कडू लागलं. तो ओरडला नाही. ताट हळूच बाजूला सारलं, हात धुतले, आणि त्या दिवसापासून तिच्या हातचं पातळ काही खाल्लं नाही. कोरडी भाकरी आणि मीठ. बायकोवरचा विश्वास उडालेले नवरे मी खूप पाहिलेत, पण बायको भलं करायला गेली म्हणून तो उडालेला हा एकच.

लग्न थाटात झालं. भटू मांडवात खांबासारखा सरळ उभा. पाटावरून उठला, वाकून व्याह्यांचे पाय धुतले, पुन्हा उभा राहिला, एकदाही झोकांडी नाही. सगळा मांडव कौतुकाने बघत होता. अण्णांनी त्याला मिठी मारली. मुकादम आला होता, तोही म्हणाला, माणूस सुधारला. पाठवणीच्या वेळी रंजना गळ्यात पडून रडली तेव्हा भटूच्या डोळ्यात पाणी नव्हतं. लोक म्हणाले, बाप धीराचा. मी जवळ उभी होते. धीर नव्हता तो. आतलं सगळं परत विझायला लागलं होतं, आणि त्याच्या लेकीचं रडणं त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. भिंत परत आली. पायावर सरळ उभा राहणारा भटू तुटलेल्या धाग्याकडे बघत राहायचा आणि कापडाचं वाटोळं व्हायचं. शेठने लूमवरून काढून बॉबिन भरायला बसवलं, मग तेही जमेना तेव्हा घरी बसवलं. गंमत बघा, झोकांड्या खात होता तेव्हा त्याने वारभरही कापड बिघडवलं नव्हतं. पण सुधारलेल्या माणसाबद्दल वाईट कोण बोलणार? लोक म्हणायचे, सोडल्यावर होतं असं, अंगातली रग जाते.

एक दिवस उषाबाई नेसती साडी बदलून माझ्याकडे आली. भंडारा ज्याच्यापुढे उचलला तो माणूस खंडोबाची तळी भरून तो उतरवू शकतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. अण्णांना खरं सांगायचं, पाय धरायचे आणि भंडारा उतरवून घ्यायचा. "आता लगीन व्हई गयं. आता काय करतीन?" ती म्हणाली. माझ्या मनात आलं, शहाणपण सुचलं एकदाचं. आम्ही दोघी नवागामला, रंजनाच्या सासरी, गेलो.

अण्णा बाहेर गेले होते. रंजनाला दिवस गेलेले, चेहरा भरला होता, घरात सगळे तिला जपत होते. तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा ठेवला. उषाबाईने हळू आवाजात सगळं सांगितलं. बाप जेवत नाही, बोलत नाही, काल दिवसभर एका कुशीवर पडून होता. रंजना चुलीकडे तोंड करून ऐकत होती. मी वाट बघत होते की ती म्हणेल, चल माय, मीच सांगते.

"माय, तू काही सांगू नको," ती म्हणाली.

"का बरं?" उषाबाईने विचारलं.

"इथे सगळे म्हणतात, बापाने लेकीसाठी दारू सोडली. सासरे चारचौघांत अभिमानाने सांगतात. माझा मान त्याच्यावर उभा आहे. आज तू सांगशील की बाबा वेडाच्या गोळ्या खात होते. मग उद्या हे पोटातलं नुसतं जास्त रडलं तरी म्हणतील, बघा, रक्त बोललं." तिने पोटावर हात ठेवला होता. आवाज चढला नव्हता. "लोकांनी बाबांना दारूडा म्हटलं, हे मी पचवलं ना? आता हे नको."

"मंग कधळ सांगू?" उषाबाईने विचारलं. रंजनाने साखरेचा डबा काढला. चहात साखर घातली आणि ढवळत राहिली.

मला त्या पोरीचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर ती आईनेच शिकवलेला हिशोब आईला परत करत होती. दारूड्याची पोर लोक करून घेतात.

तेवढ्यात अण्णा आले. आम्हाला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. "आमचे याही कसे आहेत? शांत झाले म्हणे अगदी. भंडाऱ्याची ताकदच तशी." मी उषाबाईकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मग ती म्हणाली, "बरे शेतस. आम्ही पोरले देखाले उनूत."

रिक्षाने आम्ही परत आलो. घरी भटू भिंतीकडे तोंड करून बसला होता, आम्ही गेलो तेव्हा होता तसाच. दाढी वाढलेली, समोर सकाळची भाकरी तशीच. आमची चाहूल लागल्यावर कितीतरी दिवसांत प्रथमच त्याने आपण होऊन तोंड उघडलं.

"रंजना सुखमा शे?"

"शे," उषाबाई म्हणाली.

"मंग भंडारा फळना," भटू म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.